प्रतापसिंहराव गायकवाड : बडोदे राज्याची शेवटची दहा वर्षे

मंडळी, बडोद्याच्या राजघराण्यावर बोलायला उभे राहिलेला माणूस सयाजीरावांवर येऊन थांबतो. त्यात नवल नाही. 1875 ते 1939 असा 64 वर्षांचा राज्यकाळ, सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगाव ग्रंथालये. एवढे सांगेपर्यंत वेळ संपतो. पण 6 फेब्रुवारी 1939 ला महाराज गेले तेव्हा राज्य संपले नव्हते. ते आणखी दहा वर्षे चालले आणि त्या दहा वर्षांवर आपण बोलत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी याच सरकारात कारकुनी केली, वहिवटदारी म्हणजे तालुक्याचा कारभार केला, शाळा चालवल्या. तेव्हा शेवट कसा झाला हे आपण नीट समजून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रतापसिंहराव हे सयाजीरावांचे नातू. जन्म 29 जून 1908 चा. वडील युवराज फत्तेसिंहराव त्याच वर्षी सप्टेंबरात वारले, म्हणजे बाळ तीन महिन्यांचेही नव्हते. आजोबांच्या छायेत वाढलेला हा मुलगा तिसाव्या वर्षी गादीवर बसला. एकवीस तोफांची सलामी, म्हणजे इंग्रजी अमलातला संस्थानिकांचा सर्वोच्च मान, असलेली जी पाच संस्थाने होती त्यांतले हे एक. मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत इंग्रजी मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले. असे राज्य चालले ते सयाजीरावांनी बसवलेल्या खात्यांच्या घडीमुळे. राजा बदलला तरी सुभ्याची, म्हणजे प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्याची, कचेरी तशीच उघडत होती.

आता 1947 कडे येऊ. इथे प्रतापसिंहरावांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. बाकीची संस्थाने पाहू-बघू करत होती तेव्हा दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्तर यांच्या सल्ल्याने बडोद्याने घटना समितीत बसायचे ठरवले. असे ठरवणाऱ्या पहिल्या मोठ्या संस्थानांत आपण होतो. 28 एप्रिल 1947 ला बडोद्याचे प्रतिनिधी दिल्लीत आपल्या जागांवर जाऊन बसले. सामीलनाम्याच्या, म्हणजे भारतात सामील होण्याच्या कराराच्या, बाबतीतही बडोद्याने खळखळ केली नाही.

आणि मग चारच महिन्यांत सूर बदलला. काठेवाडातल्या जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात जायचे ठरवल्याचा पेच चालू होता, दिल्लीला काठेवाडात मदत हवी होती. त्या वेळी महाराजांनी सरदार पटेलांकडे मागणी केली ती गुजरात आणि काठेवाडचा राजा म्हणून मान्यता देण्याची! पेशवाईत गायकवाड या मुलखातून चौथाईचा कर आणि मुलूखगिरीच्या स्वाऱ्यांतून खंडणी वसूल करत, ते बहुधा त्यांच्या मनात असावे. पण 1947 चा सप्टेंबर होता तो. निर्वासितांच्या गाड्या येत होत्या, माणसे मरत होती. त्या क्षणी राज्यविस्तार मागणे हे या माणसाच्या आयुष्यातले सर्वांत दुःखद पान आहे, असे माझे मत आहे. पटेलांनी ते अर्थातच मानले नाही, आणि विश्वास गेला तो गेलाच.

सीतादेवींचा विषय टाळून चालणार नाही. 1943 च्या अखेरीस महाराजांनी त्यांच्याशी दुसरा विवाह केला. थोरल्या महाराणी शांतादेवी होत्या, मुलेबाळे होती. शिवाय बडोद्यात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा लागू होता, सामाजिक सुधारणेचा अभिमान सांगणाऱ्या राज्यातला. त्यावर उत्तर आले ते असे, की राजाला त्याच्या राज्याचा कायदा लागू होत नाही. पुढे खजिन्यातून काढलेल्या रकमा आणि युरोपात गेलेले जडजवाहीर यांच्या चौकश्या झाल्या. आपल्याकडे जुन्या घरांत अजूनही ही सगळी कथा सीतादेवींच्या नावावर सांगतात. मला हे अन्यायाचे वाटते. खजिना त्यांच्या ताब्यात नव्हता. सही महाराजांची होती. हुकूम महाराजांचा होता. ज्याच्या हाती अधिकार, त्याचीच जबाबदारी. प्रजामंडळाने, म्हणजे संस्थानातल्या प्रजेच्या राजकीय संघटनेने, हिशेब मागितला तो महाराजांकडेच, आणि ते बरोबर होते.

1948 च्या सप्टेंबरात डॉ. जीवराज मेहता यांच्याकडे कारभाराची सूत्रे आली. विलीनीकरण आता दिसत होते. प्रश्न उरला तो संस्थांचा. विचार करा, काय काय होते इथे. 1881 चे बडोदा कॉलेज. 1890 चे कलाभवन, जिथे कारागिरांच्या मुलांना तंत्रशिक्षण मिळे. दरबारी गायक मौलाबक्षांच्या वेळेपासूनची संगीतशाळा. प्राच्यविद्यामंदिर, तिथल्या हस्तलिखितांसकट. हे सगळे दरबाराच्या पैशावर उभे राहिलेले. राज्य मुंबई प्रांतात गेले की यातली प्रत्येक संस्था त्या-त्या खात्याच्या फाइलीत जाणार, आणि दूरच्या खात्याला कलाभवनाची किंवा हस्तलिखितांची काय माया?

बडोद्यात विद्यापीठ व्हावे ही सयाजीरावांची इच्छा होती. त्यासाठी 1920 च्या दशकातच आयोगही नेमला गेला होता. ती इच्छा प्रतापसिंहरावांच्या काळात कायद्यात उतरली. 1949 चा महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कायदा हा बडोदे राज्याचा कायदा आहे, मुंबईचा नाही. 30 एप्रिल 1949 ला विद्यापीठ स्थापन झाले. 1 मे ला बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. एका दिवसाचे अंतर! ज्या कायद्याने हे केले तो एक दिवस उशिरा आला असता तर तो करणारे राज्यच उरले नसते. त्या एका दिवसाने या सगळ्या संस्था एका स्वायत्त छत्राखाली आल्या आणि विखुरण्यापासून वाचल्या. सर सयाजीराव डायमंड ज्युबिली अँड मेमोरियल ट्रस्टही प्रतापसिंहरावांनीच केला. जुन्या राज्यातल्या मुलांच्या शिक्षणाला तो आजही मदत करतो.

हे श्रेय एकट्या महाराजांचे नाही. मंत्र्यांचे आहे, प्रजामंडळाचे आहे, आणि विशेषतः हंसाबेन मेहतांचे. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी, जीवराज मेहतांची पत्नी. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण केला तो याच बाईंनी. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पण महाराजांचा वाटा नाकारू नका. त्यांच्या चुका मोजताना आपण कंजूषपणा करत नाही. मग हेही तितक्याच मोकळेपणाने मोजले पाहिजे.

शेवट लवकर आला. तनखा, म्हणजे विलीनीकरणानंतर राजाला सरकारकडून मिळणारी नेमणूक, बडोद्याला वर्षाला साडेसव्वीस लाख रुपये ठरला होता, देशातल्या मोठ्या तनख्यांपैकी एक. तरीही प्रतापसिंहराव विलीनीकरणावर नाराज होते. त्यांनी राजेलोकांची संघटना उभारायला घेतली, आणि 1951 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची 'शासक' म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गादीचे मानकरी झाले. प्रतापसिंहराव पुढे परदेशातच राहिले आणि 19 जुलै 1968 ला लंडनला वारले.

इकडे विद्यापीठाचे काम थांबले नाही. 1950 मध्ये ललित कला विभाग सुरू झाला, चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवायला आले. प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे हस्तलिखिते ताडून पाठ ठरवण्याचे, काम हाती घेतले. हंसाबेन 1958 पर्यंत कुलगुरू होत्या.