परमिट रूम: नकाशावरची रेघ

नमस्कार श्रोतेहो.

परमिट रूमसाठी गाळा बघायला जाणारा माणूस भाडं विचारतो, पार्किंग बघतो, समोरची वर्दळ बघतो. मोजपट्टी मात्र बरोबर नेत नाही, आणि पुढचं सगळं त्या मोजपट्टीवरच अडतं. दारूचा परवाना माणसाच्या नावावर निघतो हे खरं, पण तो चिकटलेला असतो जागेला. तीच जागा, तोच दरवाजा, नकाशात दाखवलेली तीच खोली. आजचं बोलणं या जागेबद्दल आहे. ज्यांना धंदा काढायचा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या शेजारी तो निघणार आहे त्यांच्यासाठीही.

महाराष्ट्रात आजही दारूबंदीचा १९४९ चा कायदा लागू आहे. मुळात बंदी, आणि परवाना हा त्यातला अपवाद. बाटली सीलबंद विकायची तर एफएल-२, म्हणजे आपण ज्याला वाइन शॉप म्हणतो ते. बसून प्यायला द्यायची तर एफएल-३, म्हणजे परमिट रूम. देशी दारूच्या दुकानाला सीएल-३. यातल्या ‘विदेशी मद्य’ या शब्दाने पुष्कळ जण फसतात. नाशिक जिल्ह्यात गाळलेली व्हिस्कीही कायद्याच्या भाषेत विदेशीच.

आता मोजपट्टी. शाळा, नोंदणीकृत धार्मिक संस्था किंवा एसटी स्थानक यांच्यापासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला परवानगी नाही. हे अंतर हवेतून सरळ रेषेत मोजत नाहीत. माणूस ज्या वाटेनं चालत जाईल त्या वाटेनं, तुमच्या दाराच्या मध्यापासून त्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. म्हणून दार कुठे आहे याला फार महत्त्व. काही जण मागच्या गल्लीत दार दाखवून ७५ मीटर भरवतात आणि परवाना हातात आला की गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी पुढचं शटर वर करतात. तक्रार आली की पहिली पाहणी त्या शटरचीच होते. देऊळ म्हणजे कोणतंही देऊळ नव्हे, विश्वस्त संस्था म्हणून नोंद असलेलं. खासगी क्लासही शाळेत धरत नाहीत. गाळा घेण्याआधी आसपासच्या देवळांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बघून घ्या. करार झाल्यावर हे कळलं तर अनामत रक्कम अडकलीच.

हायवेवरच्या जागेचं गणित निराळं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. ३१ मार्च २०१७ ला २०,००० किंवा त्याहून कमी वस्तीच्या हद्दीत हे अंतर २२० मीटरवर आलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका, महापालिकांच्या हद्दीला सूट मिळाली. त्यामुळे ढाबा हद्दीच्या कमानीच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढ्यावर सगळं ठरू शकतं.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन करायचा. निरीक्षक जागा बघून जातात, पोलिसांकडून चारित्र्याचा अहवाल येतो, अधीक्षक शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत मालकीचा किंवा भाड्याचा कागद, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, खाद्य परवाना, अग्निशमनाचा ना हरकत दाखला, आणि जागेचा नकाशा. अर्ज रखडतो तो बहुतेक वेळा भोगवटा प्रमाणपत्रापाशी. इमारत वापरात असते, पण दाखला बिल्डरने घेतलेलाच नसतो.

त्या नकाशावर रेघ मारून दाखवलेलं असतं, कुठे बसून प्यायचं, साठा कुठे राहणार, स्वयंपाकघर कुठे. त्या रेघेच्या बाहेर ठेवलेलं एक टेबलसुद्धा विनापरवाना विक्री ठरतं. गच्ची, पडवी, फुटपाथवरच्या चार खुर्च्या, सगळं यात आलं. मोसम बघून गच्चीवर ताडपत्री घालायची आणि मंजुरी नंतर बघू म्हणायचं, ही सवय किती महाग पडते ते मुंबईने २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारात पाहिलं. गच्चीवरच्या दोन लागून असलेल्या ठिकाणी आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. म्हणून आग विझवण्याची यंत्रणा नुसती भिंतीवर टांगून चालत नाही. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि बाहेर पडायच्या जिन्यात रिकामे क्रेट ठेवू नका. तपासणीत हा दोष सर्रास सापडतो, आणि काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

परवाना मिळाल्यावर खरं काम नोंदवहीचं. एक उदाहरण घेऊ. सकाळी एका ब्रँडच्या ७५० मिलीच्या ३ सीलबंद बाटल्या आणि उघड्या बाटलीत ४५० मिली आहे. एकूण २,७०० मिली. दिवसभरात ३० मिलीचे ४० पेग गेले, म्हणजे १,२०० मिली. रात्री १,५०० मिली, नेमक्या दोन सीलबंद बाटल्या दिसायला हव्यात. तीन दिसल्या तर एक बाहेरून आली, कदाचित शुल्क चुकवलेली, कदाचित बनावट. एकच दिसली तर दुसरी पार्सल म्हणून गेली, किंवा पेग मापाने न ओतता अंदाजाने ओतला गेला. माप वैधमापन विभागाच्या मुद्रेचंच वापरा. रिकाम्या बाटलीत दुसरं काही भरणं हा तर सरळ गुन्हा. काउंटरवरच्या आणि वाढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाचा नोकरनामा, म्हणजे त्याला कामावर ठेवण्याचा परवाना, विभागाकडून घेतलेला हवा. गावाकडून आलेला भाचा दोन दिवस उभा राहिला तरी तो लागतो.

गिऱ्हाइकाचं वय बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आजीवन १,००० रुपयांना. परमिट रूम हे नाव त्यावरूनच आलं. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरणाची फी मार्चअखेरपर्यंत भरली नाही तर १ एप्रिलला शटर बंद ठेवावं लागतं. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास कोरडे, पोटनिवडणूक असली तरी.

आता गाणंबजावणं. दारूचा परवाना आहे म्हणून गायक बसवता येत नाही, इथे मोठा घोळ होतो. करमणुकीची परवानगी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली येते. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. मुंबईत १९६० च्या नियमांप्रमाणे जागेचा परवाना निराळा आणि कार्यक्रमाचा निराळा. ऑर्केस्ट्रा बारमध्ये ४ बाया आणि ४ पुरुष अशी जी अट होती, त्यातली स्त्री-पुरुष वाटणी सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. एकूण ८ कलाकारांची मर्यादा मात्र कायम आहे. कलाकार सगळ्या स्त्रिया असोत की सगळे पुरुष, ते ठरवायचं काम सरकारचं नाही, हा निकाल योग्यच झाला. रेकॉर्डवरची गाणी लावायची तर त्यांच्या हक्कधारकांचा परवाना आणखी वेगळा.

आवाजाची तक्रार येते ती बहुधा खर्जाची. शब्द ऐकू येत नाहीत, पण वरच्या मजल्यावरची खिडकी थरथरते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. स्पीकर भिंतीला ठोकू नका, रबरी पायावर ठेवा. एकामागे एक दोन दारं काढा, मध्ये चार पावलांची जागा, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं मिटलेलं राहतं. आवाज कमी करण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

शेजाऱ्यांच्या हातात काय आहे? लेखी तक्रार आहेच. पण खरी ताकद आहे आडव्या बाटलीची. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. शहरातल्या प्रभागासाठी २००९ चा आदेश आहे. इथे मोहीम कशी हरते ते ध्यानात घ्या. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून, आलेल्या महिलांच्या नव्हे. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, वारलेल्या आज्या, सगळ्यांची नावं यादीत असतात आणि ती घरी राहिलेल्यांसारखीच मोजली जातात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घ्या. सही यादीतल्या नावाप्रमाणेच करा, माहेरच्या नावाने केलेली सही पडताळणीत गळते. यादीत ६०० महिला असतील तर १५० सह्या लागतील, पण गाळ धरून १८० घ्या. आणि मतदानाच्या दिवशी आडव्या बाटलीवर ३०१ शिक्के पडायला हवेत.