ताटातला मासा आणि तक्त्यातला मासा

बसा, पुढे जागा आहे. विषय आहे देशोदेशीच्या गोड्या पाण्यातल्या माशांची आकडेवारी. रटाळ वाटतो, माहितीये, म्हणून नॉर्वेपासून सुरू करतो.

एफएओच्या, म्हणजे अन्न आणि कृषी संघटनेच्या ताळेबंदात नॉर्वेचा गोड्या पाण्यातल्या माशांचा रकाना उघडा, उत्पादन दहा लाख टनांच्या वर दिसेल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं टायपिंगची चूक असणार, एवढी तळी आणली कुठून यांनी? तळी नाहीतच. तो बहुतेक सगळा सॅल्मन आहे, समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला. पण सॅल्मन अंडी घालायला नदीत जातो ना, मग अशा दोन्ही पाण्यांत फिरणाऱ्या जाती या गटातच धरल्यात. रकाना जातीवरून ठरतो, पाण्यावरून नाही.

आता हा ताळेबंद करतात कसा? देशातलं उत्पादन घ्यायचं, आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठा कमी-जास्त झाला असेल तो हिशोबात धरायचा, पशुखाद्य वगैरे खाण्याबाहेरचा वापर काढून टाकायचा आणि जे उरलं त्याला लोकसंख्येने भागायचं. झाला दरडोई आकडा तयार! कोणाच्याही ताटात कोणी डोकावलेलं नाही. 2022 साठी जगाचा हा आकडा 20.7 किलो होता, समुद्राचे, गोड्या पाण्याचे, कोळंबी-शिंपले सगळं धरून. आणि हे वजन जिवंत माशाचं बरं का, डोकं, काटे, आतडी सगळ्यासकट.

इथेच तुलना घसरते. पंगसचं उदाहरण घ्या. व्हिएतनाममधून हा मासा फिले, म्हणजे काटे-कातडी काढलेल्या मांसाचे तुकडे होऊन बाहेर जातो आणि एक किलो फिले निघायला साधारण तीन किलो मासा लागतो. मग हिशोब करणारा त्या एका किलोचे परत तीन किलो करून विकणाऱ्या देशाच्या निर्यातीत आणि घेणाऱ्याच्या आयातीत लिहितो. घेणाऱ्या देशातल्या माणसाने खाल्ला एकच किलो. म्हणजे जिथे लोक छोटा मासा डोक्या-काट्यासकट खातात तिथला किलो आणि फिले खाणाऱ्या देशातला किलो तक्त्यात सारखेच दिसतात, पोटात मात्र नाही.

उत्पादनाचा आकडा तरी पक्का का? शेततळ्यातला मासा मोजता येतो, विकला जातो, नोंद होते. नदीतला कोण मोजणार? 2022 मध्ये जगभरात नद्या-तलावांतून 1 कोटी 13 लाख टन मासा पकडल्याची नोंद आहे, त्यात भारत पहिला, साधारण 19 लाख टन. पण बायका-पोरं बादली घेऊन पाणथळीत जातात, संध्याकाळच्या कालवणापुरतं आणतात, ते कुठल्या रजिस्टरात येणार. 2018 साली एक अभ्यास आला, त्यात 42 देशांत घरोघरी लोक काय खातात याच्या सर्व्हेवरून उलटा हिशोब केला होता, तर पकड सरकारी आकड्यापेक्षा जवळजवळ 65 टक्के जास्त निघाली.

आणि उलटंही होतं. म्यानमारचा नदीतल्या मासेमारीचा आकडा वर्षानुवर्षं मस्त चढत होता. नंतर कळलं की आकडे प्रत्यक्ष मोजणीवर नाही, ठरवलेल्या टार्गेटवर बेतलेले होते, मग एफएओने मागची कितीतरी वर्षं सुधारून घेतली. चीननेही 2006 च्या कृषी गणनेनंतर त्या वर्षाचं उत्पादन साधारण 13 टक्क्यांनी खाली आणलं. त्यामुळे जुना तक्ता डाउनलोड करून नव्याशेजारी लावू नका, एकाच वर्षाचे दोन आकडे निघतील आणि तुम्ही रात्रभर डोकं खाजवत बसाल. मी बसलोय.

मगाशी कोणीतरी विचारलं की खाण्याबाहेरचा वापर एवढा का महत्त्वाचा. सांगतो. मरळ माहितीये ना? मांसाहारी मासा, कंबोडियात पिंजऱ्यात पाळायचे आणि खायला घालायचे तिथल्या टोनले साप या मोठ्या तलावासारख्या ठिकाणचे बारके मासे. आता बघा, बारका मासा पकडला तेव्हा उत्पादनात धरला, तो मरळीच्या पोटात गेला, मग मरळ विकली तेव्हा ती परत उत्पादनात. खाद्याच्या रकान्यात जर नोंद झाली नाही, तर एकच मासा दोनदा मोजला जातो आणि कागदावर देश जास्त मासे खाताना दिसतो. तेच बारके मासे गरिबाच्या घरात प्रहोक, म्हणजे मुरवलेला मासा करून पुढे महिनोन्महिने पुरवतात. 2004 मध्ये तिथे मरळपालनावर बंदी आली ती याच बारक्या माशांपायी. 2016 ला उठली.

म्हणून दोन देश शेजारी लावले की मी आधी खाद्याचा रकाना बघतो. शून्य दिसलं की थांबतो, कारण खरंच काही घातलं नाही की कोणी लिहिलंच नाही, हे त्या शून्यावरून कळत नाही.

हं, विचारा आता.