जरीपटक्यातला टेप बॉल

(दृश्य : रविवारची सकाळ. मैदानाच्या कडेला बसलेला मुलगा टेनिसच्या चेंडूला पट्टी गुंडाळतो आहे.)

टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावण्याचे हे काम दिसते तितके सोपे नाही. पट्टी ताणून धरावी लागते, एकही सुरकुती पडू द्यायची नसते आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर किंचित चढवत न्यावा लागतो. चेंडूवरची लव पूर्ण झाकली गेली पाहिजे, पण जाडी कुठेही वाढता कामा नये. कडा अंगठ्याच्या नखाने दाबून बसवल्यावर मधोमध अरुंद पट्टीचे दोन-तीन पदर दिले की शिवण तयार होते. असा चेंडू जड होतो आणि टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही, हवेतून मात्र सुसाट जातो. खेळता खेळता एका बाजूची पट्टी सोलली गेली, की तो उशिरा, अगदी फलंदाजाच्या पायाशी येऊन वळतो. १९८०च्या दशकात कराचीच्या गल्ल्यांत हा प्रकार रुजला आणि पुढे पाकिस्तानभर पसरला. हा मुलगा तो सिंधमध्ये शिकला. आता तो उत्तर नागपुरात, जरीपटक्यात राहतो, आणि पट्टी त्याने चौकातल्या दुकानातून आणली आहे.

(दृश्य : जरीपटक्याचा बाजार, दाल-पकवानाची गाडी, सिंधी आणि मराठी पाट्या.)

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला, त्यामुळे तिथल्या हिंदूंना आपल्याच प्रांताच्या दुसऱ्या भागात सरकण्याची सोय उरली नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली, तेव्हा थांबू पाहणाऱ्यांचाही धीर सुटला. त्या लोंढ्यातली अनेक कुटुंबे नागपुरात आली आणि जरीपटका, खामला अशा वस्त्यांत स्थिरावली. येणे त्यानंतरही पूर्ण थांबले नाही. सिंधमधून अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत कुटुंबे येत राहिली, आणि ती दीर्घकालीन व्हिसावर राहतात. आधी आलेल्यांची नातवंडे अस्सल नागपुरी झाली आहेत. नव्याने आलेली मुले मात्र अजून रस्ते विचारत फिरतात.

(दृश्य : मैदान. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहून खेळाडू निवडत आहेत.)

ही निवड नीट पाहावी. मुलांची संख्या विषम भरली की उरलेल्या एकाला ‘कॉमन’ करतात. तो दोन्ही बाजूंनी क्षेत्ररक्षण करतो, फलंदाजीला शेवटी जातो आणि जिंकला-हरला तरी कोणाचाच नसतो. नव्याने आलेला मुलगा बहुधा याच वाटेने आत शिरतो. त्याला जागा मिळते ती कोणाच्या दयेने नव्हे, तर एक माणूस कमी पडतो म्हणून, आणि आमच्या मते या मैदानाची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सद्भावनेच्या सभेत पाहुण्याला हार घालतात आणि तो पाहुणाच राहतो. इथे झेल सोडला की त्यालाही इतरांइतक्याच शिव्या बसतात.

मैदानावर येणारे सगळे सिंधी नाहीत. शेजारच्या इंदोरा वस्तीतली मुले येतात, कडबी चौकाकडची येतात, आणि ओरडणे बहुतेक नागपुरी हिंदीत चालते. पंचाचे काम करणाऱ्या काकांचे वडील १९४८मध्ये कराचीहून आले होते. धावबादचा निर्णय पटला नाही, तर ‘काका, काय हो, पाय तर आत होता!’ असे त्यांना मराठीत ऐकवले जाते, आणि ते उत्तर सिंधीत देतात. मुली मात्र मैदानात नाहीत. त्या कठड्यापाशी उभ्या आहेत, हे दृश्यांत दिसतेच.

(दृश्य : उघड्या टेनिस बॉलवरचा सामना, उंच फटके.)

नागपूरची स्वतःचीही टेनिस बॉलची परंपरा आहे. कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव याच चेंडूवर वेग कमावून पुढे लेदरकडे वळला, आणि नोव्हेंबर २०११मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. इथल्या फलंदाजाला उसळणारा चेंडू उचलून मारण्याची सवय असते. टेप लावलेला चेंडू त्याच्या बॅटखालून सरळ यष्टीवर जातो, म्हणून सुरुवातीला त्या चेंडूला विरोध झाला. वाद बराच चालला, आणि शेवटी पहिला सामना उघड्या चेंडूवर आणि दुसरा टेपवर असा तोडगा निघाला. आता इंदोऱ्याची दोन मुले पट्टी लावायला शिकली आहेत. त्यांचे फेरे अजून सैल पडतात.

(दृश्य : काकांच्या हातातले जुने कृष्णधवल छायाचित्र.)

सिंध आणि क्रिकेट यांचे नाते टेप बॉलपेक्षा पुष्कळ जुने आहे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा डावाची सुरुवात करायला पुण्याकडचे जनार्दन नवले आणि कराचीचे नाऊमल जेऊमल ही जोडी उतरली होती. रणजी करंडकात सिंधचा संघ १९३४-३५च्या पहिल्या हंगामापासून फाळणीपर्यंत खेळत असे. नाऊमल फाळणीनंतरही बरीच वर्षे कराचीतच राहिले आणि पुढे भारतात आले. ही हकिगत काका प्रत्येक नव्या मुलाला सांगतात. मुले ती अर्धवट ऐकून फलंदाजीचा क्रम विचारतात.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली कागदपत्रे.)

नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले आणि ३१ डिसेंबर २०१४पर्यंत पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंसाठी नागरिकत्वाची वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आली. २०१४नंतर आलेल्यांची प्रतीक्षा लांबच आहे. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घकालीन व्हिसा कायम राहिले. लेदर बॉलच्या नोंदणीकृत क्रिकेटमध्ये जायचे तर जन्माच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागते.

(दृश्य : पुन्हा मैदान. दुसरा सामना, टेपचा चेंडू.)

सुरुवातीला पट्टी लावताना दिसलेला मुलगा आता कॉमन राहिलेला नाही. पहिल्याच षटकात त्याने दोन यॉर्कर टाकले, आणि दुसऱ्यावर मधली यष्टी पडली. त्याच्यावरून दोन्ही कर्णधारांत इतकी ओढाताण होऊ लागली, की काकांनी आता नवा नियम केला आहे : तो ज्या संघाकडे जाईल, त्याच्या विरुद्ध संघाला नाणेफेक न करताच आधी फलंदाजी की क्षेत्ररक्षण हे ठरवू द्यायचे.