बांधावर हजर नसलेला माणूस

नमस्कार मंडळी. मी सांगलीतून बोलतोय. आजचा विषय आहे, नीतीला धरून निर्णय घ्यायचा कसा? खरं बोलावं, कुणाला फसवू नये, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. खरी अडचण येते ती दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की.

तासगाव भागातली एक द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी महिना. घडात गोडी भरलीय. व्यापारी बांधावर उभा आहे, दर चांगला बोलतोय, आणि म्हणतो, "उद्याच तोडा दादा, परवाचं मी सांगू शकत नाही." मार्चअखेरीला सोसायटीचं कर्ज भरायचंय. पण भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसली म्हणून परवाच फवारणी झालीय. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे आपण ज्याला पीएचआय म्हणतो, फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस, तो छापलाय. त्याचे बरेच दिवस अजून बाकी आहेत.

हा बागायतदार वाईट माणूस नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. घर चालवणं, घेतलेलं कर्ज फेडणं, हीसुद्धा कर्तव्यंच आहेत. उठसूट शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी उभं राहून बघावं. पण या सौद्यात एक जण बांधावर हजरच नाही. ती द्राक्षं खाणारं पोर. त्याच्या वतीनं बोलणारं तिथं कुणी नाही.

माझ्या मते कुठल्याही निर्णयाआधी पहिला प्रश्न हाच हवा: यात नुकसान कुणाचं होणार, आणि त्याला इथं बोलता येतंय का?

आपल्याच भागातलं एक नाव घेतो. रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांच्या दरबारातले न्यायाधीश, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर गादीवर आले ते त्यांचेच काका, रघुनाथराव. सत्ता त्यांची, दरबार त्यांचा. नारायणराव तर बोलायला उरलेच नव्हते. तरी रामशास्त्रींनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणे सोडलं. आपण त्यांचा निर्भीडपणा सांगतो, तो खराच. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की जो बोलू शकत नव्हता त्याची बाजू त्यांनी निकालात धरली.

आता दुसरा प्रश्न. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट यानं १७८५ साली तो मांडला. मी ज्या नियमानं वागतोय, तोच नियम सगळ्यांनी पाळला तर मला चालेल का? "माझ्या एकट्याच्या बागेनं काय होतंय?" हे म्हणणं इथं टिकत नाही.

द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल. आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवणारं हे रसायन, बागेत आपण ज्याला लिहोसिन म्हणतो, तेच ते. माल अडकला, बागायतदार आणि निर्यातदार दोघंही तोट्यात गेले. पण तेव्हा आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतं. जे माहीतच नव्हतं त्याचा दोष बागायतदाराच्या माथी मारणं अन्याय आहे. दोष द्यायचा तर त्याला काय ठाऊक होतं, तेही बघायला हवं. आपल्या गोष्टीतल्या बागायतदाराला मात्र ठाऊक आहे, डबा त्याच्या हातात आहे.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. युरोपला जाणाऱ्या मालाचा नमुना आधी प्रयोगशाळेत तपासला जातो. म्हणजे तिकडच्या पोराच्या वतीनं तो अहवाल बोलतो. इथं सांगलीत विश्रामबागच्या गाड्यावर येणाऱ्या प्रत्येक पेटीचा असा अहवाल नसतो. इथल्या पोराची बाजू बघणारा बागायतदारच. म्हणून निर्यातीच्या मालाला एक नियम आणि गावच्या बाजाराला दुसरा, हे मला मान्य नाही.

मग त्यानं करायचं काय? व्यापाऱ्याला फवारणीची तारीख उघड सांगायची आणि तोडणी पुढं ढकलायची. दर पडला तर फटका बसेल, तो खराखुरा फटका आहे. सोसायटीत जाऊन मुदतीचं बोलावं लागेल. पुढच्या हंगामात काढणीच्या तोंडावर कुठलं औषध चालतं, याचं वेळापत्रक छाटणीच्या वेळीच लिहून ठेवायचं. आणि व्यापाऱ्यानंही दर बोलायच्या आधी विचारावं, "दादा, शेवटची फवारणी कधीची?"