नांगर टाकला म्हणजे काय केलं?

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पऱ्हाटी-तुरीचं. गावातलं एक पोरगं मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागलं. त्याचा पहिला फोन आला तेव्हा त्याचे बाबा पारावर बसले होते. पोरगं म्हणालं, "बाबा, बंदराबाहेर नांगर टाकून उभे आहो." बाबा म्हणाले, "नांगर? कोनाच्या वावरात बे?"

पार हसला, मीही हसलो. पण बाबांचं फारसं चुकलं नव्हतं. जहाजाच्या नांगरालाही फाळ असतो आणि तो समुद्राच्या तळात रुततो. नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं, असं आपल्याला वाटतं. वजन कामाचं असतंच, पण खरं काम करते ती ओढ. साखळी भरपूर सोडली की ती तळावर आडवी पडून राहते. वाऱ्यानं जहाज मागं सरलं की नांगराला ओढ आडवी बसते आणि फाळ आणखी खोल जातो. लहान होडी दोरावर उभी करायची तर पाच हात पाण्याला पंचवीस ते पस्तीस हात दोर सोडतात. दोरात कंजुषी केली तर ओढ वरच्या अंगानं लागते आणि नांगर उपटून येतो. रुमण्यावरचा हात ढिला पडला की आपला फाळ वर येतो ना, तसंच. निघायच्या वेळी मात्र जहाज नांगराच्या बरोबर वर आणतात आणि साखळी उभी खेचतात. फरक एवढाच, की आपला नांगर रुततो तो चालायला, त्यांचा रुततो तो थांबायला.

पाण्याची खोली पूर्वी फॅदममध्ये मोजायचे. एक फॅदम म्हणजे ६ फूट, आपली वाव. दोर ओढताना दोन्ही हात पसरले की एक वाव झाली. विहीर परसानं मोजणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

वेग नॉटमध्ये, म्हणजे गाठींत. पूर्वी दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारून, टोकाला लाकडाची फळी बांधून ती मागं पाण्यात टाकायचे. वाळूचं घड्याळ रिकामं होईस्तोवर हातातून किती गाठी सरकल्या, तो वेग. आज एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. आपली बैलबंडी रमतगमत चालली तर दोनेक नॉट भरेल.

जहाजावर डावं-उजवं असं मोघम बोलत नाहीत. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर डावी येते ती बाजू पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. तुम्ही मागं तोंड करून उभे राहिलात तरी नावं बदलत नाहीत. उजवीकडं जुंपायचा बैल समोरून पाहिला म्हणून डावा होत नाही, तसं.

काही शब्द तर आधीच आपल्या घरात येऊन बसलेत. क्रिकेटचा कर्णधार घ्या. संस्कृतात कर्ण म्हणजे कानही आणि सुकाणूही. सुकाणू धरतो तो कर्णधार. सुकाणू समित्याही आपण गावोगावी नेमतो, नाव किनाऱ्याला लागो न लागो. आणि मान्सून! अरबीत मौसिम म्हणजे ऋतू, मोसम. सहा महिने एका दिशेनं आणि सहा महिने उलट्या दिशेनं वाहणाऱ्या वाऱ्यावर अरब खलाशी शिडाची जहाजं हाकत. त्या वाऱ्याला चिकटलेलं हे नाव. आपण रोहिणी-मृगात आभाळाकडं पाहत ज्याची वाट पाहतो, ते नाव आलं आहे दर्यावरून.

मी हे सगळं पारावर सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला पोराचा फोन आला. बंदरात जागा नव्हती, जहाज पुन्हा बाहेरच उभं होतं. बाबांनी आधी जेवणाचं विचारलं, मग आवाज चढवून म्हणाले, "साखळी बरोबर सोडली ना बे?"