कडेवरची अक्षरे

एखादे जुने पदक हाती आले, की जाणकार संग्राहक दर्शनी बाजूवरच्या राजाच्या चेहऱ्यात किंवा मागच्या विजयदेवतेत फार वेळ गुंतत नाही. पदक दोन बोटांत धरून तो त्याची कड प्रकाशाकडे फिरवतो. दोन्ही बाजूंची चित्रे एकाच ठशातून निघालेली असल्यामुळे हजारो पदकांवर ती तंतोतंत सारखी असतात. काही मिलिमीटर जाडीच्या त्या कडेवर मात्र अनेकदा असे काही लिहिलेले असते, जे फक्त त्या एकाच पदकाला लागू पडते.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. युरोपातील स्मृतिपदकांची परंपरा इटालियन चित्रकार पिसानेल्लो याच्यापासून सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १४३८ मध्ये धर्मपरिषदेसाठी फेरारा येथे आलेला बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस याचे पदक त्याने घडवले. ते ओतीव होते, म्हणजे साच्यात वितळलेला धातू ओतून केलेले. चित्रकाराने आपले नाव ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत पदकाच्या अंगावरच घातले. अशा पदकावरून पुन्हा साचा काढून नक्कल ओतता येते. पण धातू निवताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्यातले बारकावे बोथट होतात. संग्रहालयांच्या सूच्यांमध्ये ओतीव पदकांचा व्यास इतक्या काटेकोरपणे का नोंदवलेला असतो, याचे हे एक कारण.

पुढे पोलादी ठशांच्या मध्ये धातूची चकती दाबून पदके पाडली जाऊ लागली आणि एकाच नमुन्याची हजारो पदके काढणे शक्य झाले. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईनंतर बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने स्वखर्चाने पदके पाडून घेतली आणि ती खलाशांना वाटली. त्या पदकांच्या कडेवर ‘ट्रफाल्गरच्या वीरांना, एम. बोल्टनकडून’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. देणाऱ्याचे नाव कडेवर आले, घेणाऱ्याचे आले नाही. हे पदक कितीही देखणे असले, तरी ते नेमक्या कोणत्या खलाशाच्या छातीवर होते, हे सोबत कागदपत्र नसेल तर सांगता येत नाही.

दहा वर्षांनी हे चित्र पालटले. वॉटर्लूच्या मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने दिलेले चांदीचे पदक अधिकाऱ्यापासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकाच रूपात मिळाले आणि लढाईत पडलेल्यांच्या वारसांनाही ते देण्यात आले. हे पदक जवळून पाहण्यासारखे आहे. पुढच्या बाजूला प्रिन्स रीजंटचे, म्हणजे आजारी राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराजाचे, मस्तक आहे आणि मागे पंख असलेली विजयदेवता बसलेली आहे. तिच्या खाली ‘वॉटर्लू’ हे नाव आणि १८ जून १८१५ ही तारीख आहे. वर पोलादी पकड आणि तिच्यात मोठी कडी असते. ही कडी गंजत असल्यामुळे आणि दिसायलाही ओबडधोबड असल्यामुळे अनेक सैनिकांनी पदरचे पैसे खर्चून ती बदलून चांदीची करून घेतली. कडेवर यंत्राने दाबून उठवलेली ठसठशीत मोठी अक्षरे आहेत: सैनिकाचे नाव आणि त्याची पलटण. नाव आखूड असेल तर उरलेली जागा मोकळी न सोडता तिथे चांदणीसारख्या खुणा ठोकल्या आहेत. मोकळ्या जागेत मागाहून कोणी काही भर घालू नये, हा त्याचा एक फायदा नक्कीच झाला.

लबाडीची वाटही अर्थात याच कडेवरून जाते. सामान्य पलटणीतल्या सैनिकाचे नाव कानशीने घासून काढायचे आणि त्या जागी गाजलेल्या पलटणीतले नाव कोरायचे, हा जुना उद्योग आहे. घासताना धातू झिजतोच. म्हणूनच संग्राहकाच्या पेटीत भिंगाच्या जोडीला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे उपकरण, असते. व्यास चार-पाच ठिकाणी मोजून पाहिला, तर झीज लक्षात येते, आणि जुन्या अक्षरांचे पुसट अवशेष तिरप्या उजेडात कधीकधी वर येतात. अक्षरांचे वळण हाही मोठा पुरावा असतो. दाबून उठवलेल्या लिखाणाच्या जागी हाताने कोरलेले नाव दिसले, तर शंका घेतलीच पाहिजे.

फ्रेंच पदकांच्या कडेचा उपयोग वेगळा आहे. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून कडेवर छोटी चिन्हे ठोकण्यास सुरुवात केली. आधी दिवा आला, मग थोडा काळ नांगर, १८४२ पासून जहाजाची नाळ, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. जुने ठसे टांकसाळीत जपलेले असल्यामुळे नेपोलियनच्या काळातली पदके पुढेही पाडली जात राहिली. विजयाची तारीख १८०५ ची आणि कडेवर मधमाशी, असे पदक समोर आले, तर ते नेपोलियनने पाहिलेले नाही, हे उघड आहे. ते बनावटही नाही. ते जुन्याच ठशांतून उशिरा पाडलेले पदक आहे आणि विक्रेत्याने तसे सांगितले, तर त्यात फसवणूक काहीच नाही.

कडेवरच्या नावांनी काही वेळा इतिहासातली एक अप्रिय बाबही नोंदवून ठेवली आहे. १८०३ ते १८२६ या काळातल्या हिंदुस्थानातील लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले ते थेट १८५१ मध्ये, आणि तेही तोवर हयात असलेल्यांनाच. असई, खडकी, कोरेगाव अशा नावांच्या पट्ट्या त्याच्या फितीवर येतात. जे शिपाई या अर्धशतकात वारले, त्यांची नावे कोणत्याही कडेवर नाहीत. त्यामुळे अशा पदकांच्या संख्येवरून लढाईतल्या मनुष्यबळाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

नोबेल शांतता पुरस्काराच्या पदकावरही मानकऱ्याचे नाव कडेवरच असते, तर साहित्य आणि विज्ञानाच्या पदकांवर ते मागच्या बाजूला असते. याउलट दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनने दिलेली मोहीम-पदके बिनानावाचीच वाटली गेली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी मात्र आपल्या सैनिकांच्या पदकांवर नावे घातली. साहजिकच संग्राहक ऑस्ट्रेलियन पदकाचा मागोवा घेऊ शकतो, आणि ब्रिटिश पदकासाठी त्याला सोबतच्या पेटीवर, पत्रावर किंवा घराण्याच्या सांगण्यावर विसंबावे लागते. सांगोवांगीची किंमत कडेवरच्या चार अक्षरांएवढी कधीच होत नाही.

पदक चकचकीत करण्याचा मोह टाळावा, हे प्रत्येक जुना संग्राहक सांगतो. पॉलिशने दर वेळी धातूचा सूक्ष्म थर जातो आणि उथळ अक्षरांवर त्याचा पहिला घाव बसतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून आणि रबरबँडमधून निघणारी द्रव्येही धातूला बाधतात. काही खुणा मात्र पुसू नयेतच. १८८२ च्या इजिप्त मोहिमेचे चांदीचे पदक आणि खेदिवचा, म्हणजे इजिप्तच्या शासकाने दिलेला, ब्राँझचा तारा शेजारी शेजारी मिरवले जात. चालताना ताऱ्याची टोके पदकावर आदळत. त्यामुळे पदकावरच्या राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यावर बारीक खड्डे पडले आहेत. गुळगुळीत पदकापेक्षा असे खड्डे असलेले पदक मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ते खरोखर वापरले गेले होते.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांची गत याहून वाईट झाली. चांदीचे वॉर मेडल आणि ब्राँझचे व्हिक्टरी मेडल बहुतेक सैनिकांना जोडीने मिळाले. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले आणि त्यातली कित्येक चांदीची पदके वितळवली गेली. ब्राँझला तो भाव नव्हता, म्हणून व्हिक्टरी मेडल एकटे मागे राहिले. त्याच्या कडेवरही तोच सैनिक क्रमांक, तोच हुद्दा, तेच नाव आणि तीच पलटण आहे. आज एकटे सापडलेले व्हिक्टरी मेडल हाती आले, की संग्राहक आधी तो क्रमांक टिपून घेतो आणि त्याच क्रमांकाचे चांदीचे पदक एखाद्या लिलावाच्या यादीत कधी दिसते का, याकडे लक्ष ठेवतो.