सूटकेस, बेडूक आणि ८५ मिनिटं

(चित्रपट पाहून झाल्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दिवे लागल्यावर तुमच्याकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या, त्या समोर आहेत. वाचताना मला शंका आली, आपण चुकून दोन वेगळे चित्रपट तर दाखवले नाहीत ना? एक गठ्ठा पोट धरून हसलेल्यांचा. दुसरा, इतकी माणसं कोंबली कशाला असं विचारणाऱ्यांचा. तिसरा गठ्ठा छोटा आहे, पण जाड अक्षरात लिहिलेला. ही पुस्तक वाचून आलेली मंडळी. हसली तीही, पण कुरकुरत. आज मी जास्त बोलणार आहे ते यांच्याशी, कारण भांडायला मजा यांच्याशीच येते.

आज पाहिलेला ‘बिग ट्रबल’ ज्या पुस्तकावर बेतलाय, ती त्याच नावाची डेव्ह बॅरीची पहिली कादंबरी, १९९९ची. त्याआधी कित्येक वर्षं हा माणूस ‘मायामी हेरल्ड’मध्ये विनोदी स्तंभ लिहीत होता. १९८८मध्ये त्याबद्दल त्याला पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला होता. हे सांगतोय ते माहिती म्हणून नाही, तिसऱ्या गठ्ठ्याची तक्रार इथूनच सुरू होते म्हणून. स्तंभलेखकाकडे काय असतं? आवाज. गोष्ट बाजूला ठेवून तो मध्येच मायामीच्या वाहनचालकांवर घसरतो, विमानतळावर तोंडसुख घेतो, आणि वाचक म्हणतो, चालू द्या. या कादंबरीत कुत्र्यालासुद्धा विचार आहेत. रॉजर नावाच्या त्या कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्यात एक विषारी बेडूक येऊन बसतो आणि त्याचं जेवण खातो. त्यावर त्या बिचाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते लेखक गंभीर चेहऱ्यानं सांगतो. पडद्यावर काय राहतं? एक कुत्रा, एक बेडूक आणि भुंकणं.

म्हणजे पुस्तकातलं सगळ्यात विनोदी पात्र चित्रपटात आलेलंच नाही. ते पात्र म्हणजे लेखक. त्याचा वाटा नटांना वाटून द्यावा लागला, आणि नट किती, तर टिम ॲलन, रेने रुसो, स्टॅन्ली टुची, टॉम साइझमोर, जॉनी नॉक्सव्हिल, जनीन गरोफालो, पॅट्रिक वॉरबर्टन, झोई डेशनेल, बेन फॉस्टर, सोफिया व्हर्गारा, जेसन ली... आणि डेनिस फरिना राहिलाच की. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आता दुसरा गठ्ठा. जरा हिशेब करू. चित्रपट ८५ मिनिटांचा. श्रेयनामावली वजा केली तर ८० धरा. लक्षात राहावीत अशी पात्रं मी बोटांवर मोजली, ती १५च्या वर भरली. दरडोई पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस कळत नाही, फार तर त्याची खोड कळते. तेव्हा ‘कुणाशीच नातं जुळलं नाही’ असं कुणी लिहिलं असेल तर ते खरंच आहे. एलियट आणि ॲना या नायक-नायिकेचं प्रेम तर इतक्या घाईत जमतं, जणू पुढच्या प्रसंगाला सेट रिकामा करून द्यायचा आहे.

पण गर्दी हा दोष आहे, हे मला मान्य नाही. फार्स ज्यांनी रंगमंचावर केलाय त्यांना विचारा. फार्सला माणसं लागतात ती एकमेकांच्या वाटेत यायला. त्या पहिल्या रात्रीचा प्रसंग आठवा. घर आर्थर हर्कचं. कंपनीचा पैसा खाल्ला म्हणून त्याला उडवायला दोन मारेकरी झाडीत दबा धरून बसलेत. त्याच वेळी कॉलेजच्या वयालाही न पोचलेला एक पोरगा शाळकरी खेळातली पाण्याची पिचकारी घेऊन त्याच घरातल्या मुलीला भिजवायला घुसतो. झाडावर एक बेघर माणूस मुक्कामाला आहे. यातल्या प्रत्येकाला वाटतंय की आजची रात्र आपली आहे. दुसऱ्याची गोष्ट कुणालाच ठाऊक नाही, आणि सगळ्या गोष्टी ठाऊक असलेला माणूस एकच, खुर्चीत बसलेला तुम्ही. विनोद या फरकातून तयार होतो. माणसं कमी करा, फरक कमी होतो.

फरिनाची जागा इथे आहे. हा गृहस्थ नट होण्याआधी १८ वर्षं शिकागोच्या पोलिसांत होता. इथे तो भाडोत्री मारेकरी आहे, आणि त्याला खून जमत नाही याचं दुःख कमी आणि मायामीत यावं लागलं याचा वैताग जास्त. तो एकदाही हसवायला जात नाही. दिग्दर्शक बॅरी सॉननफेल्डनं १९९५मध्ये गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्या एलमोर लेनर्डच्या कादंबरीवर ‘गेट शॉर्टी’ केला, त्यातही फरिना होता, रेने रुसोही होती. तेव्हा लेनर्डनं सॉननफेल्डला एक सल्ला दिला होता. एखादं पात्र गमतीचं वाक्य बोललं की लगेच दुसऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नको, कारण ही माणसं आपापल्या परीनं गंभीर असतात. ‘गेट शॉर्टी’त तो सल्ला कसोशीनं पाळलाय. इथे निम्मे नट पाळतात, उरलेल्यांना आपण विनोदी चित्रपटात आहोत हे कळलेलं दिसतं. तुमच्या चिठ्ठ्यांत ‘फरिना भारी’ वारंवार आलंय, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल एकाही चिठ्ठीत चकार शब्द नाही. तारीख. हा चित्रपट २१ सप्टेंबर २००१ला लागणार होता. दहा दिवस आधी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. आणि या चित्रपटात दोन महामूर्ख चोर अणुबॉम्बची सूटकेस घेऊन विमानतळावर जातात, ही कचरा दळायची मशीन आहे असं सांगतात, आणि तपासणीवाले ती सोडतात! प्रदर्शन एप्रिल २००२पर्यंत पुढे गेलं. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, आणि जगभरातून मिळकत १ कोटीच्याही आत.

१९९९मध्ये तो प्रसंग निव्वळ थट्टा होती. अमेरिकेत तेव्हा विमानतळावरची तपासणी विमान कंपन्यांनी नेमलेल्या खासगी कंत्राटदारांकडे असायची, आणि तिच्या ढिलाईवर हसणं हा प्रवाशांचा हक्कच होता. सूटकेसमधल्या बॉम्बची बातमीही ताजी होती. १९९७मध्ये रशियाचे माजी जनरल अलेक्झांडर लेबेद यांनी असे बरेच बॉम्ब बेपत्ता असल्याचं सांगून खळबळ उडवली होती. वर्तमानपत्रातल्या माणसानं ती उचलली नसती तरच नवल. नोव्हेंबर २००१मध्ये कायदा झाला आणि ती तपासणी सरकारनं हातात घेतली. म्हणजे एप्रिलमध्ये थिएटरात बसलेला अमेरिकन प्रेक्षक जी व्यवस्था पडद्यावर बघत होता, ती मोडीत निघाली होती, आणि का निघाली ते त्याला विसरता येत नव्हतं. त्या प्रेक्षकानं ‘अजिबात हसू आलं नाही’ म्हटलं, तर तो चित्रपटाबद्दल खोटं बोलत नव्हता. तुम्ही आज खळखळून हसलात, तुम्हीही खोटं बोलत नाही. मधे वर्षं गेलीत, एवढंच.

याचंच छोटं उदाहरण आर्थरचं. बेडकाच्या विषाची पिचकारी तोंडावर बसते आणि त्याला भास व्हायला लागतात. पुस्तकात त्याला कुत्र्याच्या जागी एलिझाबेथ डोल दिसतात. १९९९मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होत्या, रोज बातम्यांत असायच्या. चित्रपट तयार होईपर्यंत ते नाव शिळं झालं, म्हणून तिथे मार्था स्ट्यूअर्ट आली, घर टापटीप ठेवायचे धडे देणारी. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एकानं याला विनाकारण बदल म्हटलंय. मी म्हणेन, अख्ख्या चित्रपटातलं सगळ्यात इमानदार रूपांतर तेच. नाव बदललं आणि विनोद वाचला. पुढची गंमत कुणाच्या हातात नव्हती. शेअर्सच्या एका व्यवहाराच्या चौकशीत खोटं बोलल्याबद्दल २००४मध्ये तीच मार्था पाच महिन्यांसाठी तुरुंगात गेली. गुन्हेगारांच्या या गोंधळात ती आधीच हजर होती! त्यानंतर हा चित्रपट पाहिलेल्यांना तिथे एक जास्तीचं हसू फुकट मिळालं, त्यात दिग्दर्शकाचं कर्तृत्व शून्य.

दोघातिघांनी विचारलंय की आता पुस्तक वाचावं का. वाचा. पण फरिनाचा चेहरा आता पानांतून हलणार नाही, आणि डोलबाई आल्या की त्या कोण हे शोधायला मोबाइल काढावा लागेल. कुत्र्याचे विचार मात्र तिथेच मिळतील.

शेवटची चिठ्ठी. नाव नाही, तक्रार नाही. फक्त ‘बेडूक छान होता’. याच्याशी मला भांडता येणार नाही.